वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी: गरम पाण्याच्या कुंडांपलीकडे काय बघाल? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वज्रेश्वरीला येणारे बहुतेक लोक तीन तासांत परततात. कुंडात अंघोळ, देवीचं दर्शन, रस्त्यावरचा वडापाव आणि परतीची गाडी. मी लहानपणी आजीबरोबर लाल एसटीने इथे यायचो, तेव्हा आमचंही तसंच होतं. पुढे नदीकाठाने चालायला लागलो, आजूबाजूचे डोंगर चढलो, तानसाच्या जंगलात गेलो, आणि लक्षात आलं की कुंडं म्हणजे या मुलखाचा फक्त उंबरठा आहे. ओळखीचे लोक सहलीआधी मला जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

वज्रेश्वरी, अकलोली आणि गणेशपुरी ही एकाच गावाची नावं आहेत का?

नाही, ही तीन वेगळी गावं आहेत, पण एकमेकांना इतकी लागून की सहलीत तिन्ही एकत्रच होतात. ठाणे जिल्ह्यातल्या भिवंडी तालुक्यात, तानसा नदीच्या आसपास ती वसली आहेत. वज्रेश्वरीत देवीचं मोठं मंदिर, अकलोलीत नदीकाठची कुंडं आणि रामेश्वराचं देऊळ, गणेशपुरीत भीमेश्वर महादेव आणि नित्यानंद महाराजांची समाधी. पायांत बळ असेल तर हिवाळ्यातल्या सकाळी तिन्ही गावं चालत करा. मध्ये भातखाचरं लागतात आणि नदी दिसते. गाडीत बसून हे हाती लागत नाही.

यायचं कसं?

पश्चिम रेल्वेने विरार किंवा वसई रोडला उतरून एसटी किंवा रिक्षा. विरारपासून अंतर २५ ते ३० किलोमीटर पडतं. स्वतःची गाडी असेल तर मुंबई-अहमदाबाद महामार्गावर शिरसाड फाट्याला वळायचं आणि पारोळ, उसगाव करत यायचं. ठाणे-कल्याणच्या बाजूने येणाऱ्यांना भिवंडी-वाडा रस्त्यावरचा अंबाडी नाका सोयीचा. परतीच्या शेवटच्या एसटीची वेळ उतरल्या उतरल्या कंडक्टरला विचारून ठेवा. संध्याकाळनंतर गाड्या विरळ होतात.

इथे पाणी गरम का येतं? जवळपास ज्वालामुखी आहे का?

हा माझ्या सर्वात आवडीचा प्रश्न. लोककथेत याचं उत्तर असं की देवीने इथे दैत्यांना मारलं आणि त्यांचं रक्त गरम पाणी होऊन आजही वाहतं आहे. आजी ही गोष्ट कुंडात पाय सोडून बसलेली असताना सांगायची आणि मी पाय वर घ्यायचो.

जागता ज्वालामुखी जवळपास कुठेही नाही. आपल्या पायाखालचा काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा आहे, पण तो केव्हाच थंड झाला. उष्णता येते ती जमिनीच्या पोटातून. खोल जावं तसे खडक तापत जातात, साधारणपणे दर किलोमीटरला २५ ते ३० अंशांनी. कोकणपट्टीच्या खडकात लांबलचक भेगा आहेत. पावसाचं पाणी त्यांतून खोल मुरतं, तिथे तापतं आणि दुसऱ्या एखाद्या भेगेने परत वर येतं. म्हणजे कुंडातलं पाणी हे मुळात पावसाचंच, फक्त फार लांबचा प्रवास करून आलेलं. वाटेत खडकातले क्षार विरघळतात, म्हणून त्याला चव आणि वास असतो.

अशा झऱ्यांची एक ओळच सह्याद्री आणि समुद्र यांच्यामध्ये आहे. उत्तरेला पालघर जिल्ह्यातलं कोकनेर आणि सातिवली, मग आपली अकलोली-गणेशपुरी, पुढे रायगडातलं पालीजवळचं उन्हेरे आणि महाडजवळचं साव, मग रत्नागिरीतलं उन्हवरे, आरवली, राजापूरजवळचं उन्हाळे. या नावांतला 'उन्ह' म्हणजे गरम. आपण 'ऊन ऊन भात' म्हणतो ना, तेच ते ऊन. गावांची नावं ठेवणाऱ्यांनी पाण्याला हात लावूनच ती ठेवली आहेत.

कोणत्या कुंडात उतरावं? मुलांना आणि वयस्करांना चालेल का?

अकलोलीत सूर्य, चंद्र, अग्नी, वायू, राम, सीता, लक्ष्मण अशा नावांची कुंडं आहेत. प्रत्येकाचं पाणी सारखं गरम नसतं. जिथे झरा थेट फुटतो तिथे तापमान ५० अंश सेल्सिअसच्या आसपास जाऊ शकतं, आणि तेवढ्या पाण्यात अंग बुडवणं म्हणजे भाजून घेणं. आधी हात बुडवून बघा, मग पाय, मग तांब्याने अंगावर घ्या. आधीपासून येणारे गावकरी कुठे बसले आहेत ते पाहून तिथे जा, हा सगळ्यात भरवशाचा उपाय.

रक्तदाब किंवा हृदयविकार असलेले, मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झालेली माणसं आणि गरोदर स्त्रिया यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. मधुमेह असलेल्यांना चटका उशिरा कळतो, हे घरच्यांनीही लक्षात ठेवायला हवं. लहान मुलांना कुंडात सोडू नये, बादलीत थंड पाणी मिसळून अंघोळ घालावी. दहा-पंधरा मिनिटं पुरेत. नंतर चक्कर आल्यासारखं वाटलं तर बाहेर येऊन बसा आणि पाणी प्या.

त्वचेचे आजार बरे होतात का, हे सगळेच विचारतात. गरम पाण्याने सांधे मोकळे होतात, अंग हलकं होतं, हे मी स्वतः अनुभवलं आहे. पण चालू असलेलं औषध कुंडाच्या भरवशावर बंद करू नका. उघडी जखम किंवा संसर्ग असेल तर सार्वजनिक कुंडात उतरूच नका, तुमच्यासाठी आणि शेजारी बसलेल्यासाठीही. आणि साबण, शाम्पू घरी ठेवा. कुंडातून ओघळणारं पाणी थेट नदीत जातं.

देवीच्या मंदिराभोवती फिरण्यासारखं काय आहे?

मंदिराकडे भाविक म्हणून बघाच, पण जरा मागे सरकून एक वास्तू म्हणूनही बघा. लांबून ते किल्ल्यासारखं दिसतं. दगडी तटबंदी, वर नगारखाना, समोर दीपमाळ, चढायला ५२ पायऱ्या आणि एका पायरीवर सोनेरी कासव. हे किल्लेपण उगाच आलेलं नाही. पोर्तुगीजांकडून वसई घ्यायला निघालेल्या चिमाजी आप्पांनी वाटेत इथे देवीला नवस केला, असं सांगतात. तेव्हा गावाचं नाव वडवली होतं. मे १७३९ मध्ये वसई पडली आणि नवस फेडण्यासाठी हे मंदिर उभं राहिलं. नगारखाना बडोद्याच्या गायकवाडांनी बांधला. वसईचा किल्ला पाहून मग इकडे आलात तर ती मोहीम एका दिवसात डोळ्यांपुढे उभी राहते. मुलांना इतिहास शिकवायचा असेल तर मी हाच क्रम सुचवेन.

मंदिरामागच्या टेकडीवर गोधडेबुवा या गोसाव्यांची समाधी आहे. तिथवरची चढण छोटी आहे, आणि वरून तानसेचं वळण आणि भाताची खाचरं दिसतात. दर्शनाला आलेल्या शंभरातले फार थोडे लोक वर जातात. तुम्ही जा.

गणेशपुरीत काय बघावं? आश्रम आतून पाहता येतो का?

नित्यानंद महाराज १९३६ च्या सुमाराला इथे आले, तेव्हा भीमेश्वराच्या देवळाभोवती दाट रान होतं. ८ ऑगस्ट १९६१ रोजी त्यांनी देह ठेवला. समाधी मंदिर आणि देवळालगतची कुंडं सगळ्यांसाठी खुली आहेत. पहाटे चार-पाचला लोक अंघोळीला येतात, त्या वेळची शांतता अनुभवण्यासाठी तरी एक रात्र मुक्काम करा. त्यांचे शिष्य मुक्तानंद यांचा गुरुदेव सिद्धपीठ आश्रम मात्र साधकांसाठी आहे, फिरायला येणाऱ्यांसाठी खुला नाही. फाटकाशी जाऊन आग्रह करू नये.

तानसा नदीत पोहता येईल का?

हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात पाणी उथळ असतं, तेव्हा काठाला पाय सोडून बसायला हरकत नाही. थंडीत सकाळी सहाच्या सुमाराला अकलोलीच्या घाटावर या. गरम झऱ्यांच्या वाफा आणि नदीवरचं धुकं एकमेकांत मिसळलेलं असतं, खंड्या एखाद्या दगडावर बसलेला असतो. यासाठी मी अजूनही दरवर्षी येतो.

पावसाळ्यात मात्र नदीत उतरूच नका. वर तानसा धरण आहे. ते भरून वाहू लागलं की खालच्या गावांना सावधानतेचा इशारा दिला जातो, आणि नदीचं पाणी बघता बघता चढतं. इथे ऊन पडलेलं असलं तरी शहापूरच्या डोंगरात कोसळणारा पाऊस तुम्हाला दिसत नाही. एका जुलैत मी एक कुटुंब नदीतल्या खडकावर फोटो काढताना पाहिलं. गावातल्या एका मावशींनी काठावरून जिवाच्या आकांताने हाका मारल्या म्हणून ते वेळेत परतले. पंधरा मिनिटांनी तो खडक दिसत नव्हता. काठाची कुंडंही पुरात बुडतात. गावकरी 'नको' म्हणाले तर वाद न घालता मागे फिरा.

तानसा धरण पाहता येतं का?

मुंबईकरांनी हे धरण एकदा तरी पाहावं असं मला मनापासून वाटतं. १८९२ मध्ये पूर्ण झालेलं हे दगडी धरण पावणेतीन किलोमीटरहून लांब आहे आणि आजही मुंबईला पाणी देतं. मुलुंड-भांडुपकडे वस्त्यांमधून जाणाऱ्या त्या जाडजूड जलवाहिन्या आपण रोज बघतो, त्यांचं एक टोक इथे आहे. तुळशी, विहार, भातसा, मोडकसागर, अप्पर आणि मध्य वैतरणा यांच्या जोडीने सात तलावांतला हा एक.

धरणाची जागा महापालिकेच्या ताब्यात आहे आणि सुरक्षेचे नियम कडक आहेत. भिंतीवर जाण्यासाठी आधी परवानगी लागते. पाण्यात उतरणं तर विसराच, ते शहराचं पिण्याचं पाणी आहे. रेल्वेने येणाऱ्यांना कसारा मार्गावरचं आटगाव स्टेशन जवळ पडतं.

तानसा अभयारण्यात काय दिसतं?

वाघ दिसेल का, हा पहिला प्रश्न असतो. त्या अपेक्षेने येऊ नका. हे साग, ऐन, खैर, कळंब आणि बांबूचं पानगळीचं जंगल आहे, तानसा आणि मोडकसागरच्या तलावांभोवती तीनशेहून अधिक चौरस किलोमीटरवर पसरलेलं. बिबट्या आहे, भेकर, सांबर, रानडुक्कर आहे. पण ती दिसणं नशिबाचा भाग. इथे खरं वैभव पक्ष्यांचं.

त्यातही एक पक्षी असा की त्याच्यासाठी लांबून लोक येतात: रानपिंगळा. हे छोटं घुबड १८८४ नंतर कुणालाच सापडलं नव्हतं. पुस्तकांतून ते जवळपास नामशेष झालेलं होतं. मग १९९७ मध्ये नंदुरबारकडे, शहाद्याजवळ ते पुन्हा दिसलं. ११३ वर्षांनी! आणि २०१४ मध्ये ते तानसाच्या जंगलात सापडलं, मुंबईपासून दोन-तीन तासांवर. बाकीची बहुतेक घुबडं दिवसा झोपतात, हा दिवसाढवळ्या फांदीवर बसलेला असतो आणि शेपटी हलवत शिकार शोधतो. त्याला साग असलेलं मोकळं जंगल लागतं, म्हणून इथलं एकेक जुनं ढोलीचं झाड मोलाचं.

एक कळकळीची विनंती. मोबाइलवर त्याचा आवाज लावून त्याला बोलावू नका. आपल्या हद्दीत दुसरा आला असं समजून तो घरटं सोडून धावत येतो, आणि फोटोपायी पिल्लं उपाशी राहतात. पक्षी नाही दिसला तर पुढच्या खेपेला दिसेल. राखी धनेश, हळद्या, भृंगराज, पावसाच्या तोंडाला येणारा नवरंग, हे सगळे वाट बघतच असतात. वनखात्याच्या चौकीवर नोंद करा, शुल्क भरा आणि गावातला वाटाड्या घ्या. पायाखालचं जंगल जेवढं त्याला कळतं तेवढं दुर्बिणीतून कळत नाही.

जवळपास ट्रेक कोणते?

सर्वात जवळचा गुमतारा, भिवंडी-वज्रेश्वरी रस्त्यावरच्या दुगाडजवळ. वर किल्ल्याचे अवशेष थोडे आहेत, पण चढण जंगलातली आणि ढोरवाटांनी भरलेली, त्यामुळे वाट हमखास चुकते. गावातला माणूस बरोबर घ्याच. याच दुगाडला डिसेंबर १७८० मध्ये इंग्रजांशी लढताना मराठ्यांचे सरदार रामचंद्र गणेश पडले. रस्त्याने जाणाऱ्या शेकडो गाड्यांमधल्या फार थोड्यांना हे ठाऊक असतं.

मोठा ट्रेक हवा असेल तर माहुली. पायथ्याचं गाव आसनगाव स्टेशनपासून जवळ. माहुली, भंडारगड आणि पळसगड असे तीन गड एकाच डोंगरावर, सोबतीला सुळक्यांची रांग. उंची ८५० मीटरहून थोडी अधिक. १६३६ मध्ये शहाजीराजांनी निजामशाही वाचवण्यासाठी शेवटची झुंज इथूनच दिली. चढायला अडीच-तीन तास लागतात, शेवटी लोखंडी शिडी आहे. आदल्या संध्याकाळी कुंडांवर आणि दुसऱ्या पहाटे माहुलीला असा बेत करू नका, दोन्हीकडे धावपळ होते. आधी माहुली करा आणि दुखणारे पाय घेऊन मग अकलोलीला या. गरम पाण्याचं खरं मोल तेव्हा कळतं.

वाडा-मनोर रस्त्यावरचा कोहोज आणि महामार्गालगतचा टकमक हेही एका दिवसात होतात. कोहोजच्या माथ्यावर वाऱ्याने कोरलेला एक सुळका आहे, लांबून माणूस उभा असल्यासारखा.

तुंगारेश्वरला जावं का?

हो, विशेषतः घरात आजी-आजोबा आणि मुलं दोन्ही असतील तर. वसई पूर्वेला सुमारे ८५ चौरस किलोमीटरचं हे अभयारण्य २००३ मध्ये जाहीर झालं. शंकराच्या देवळापर्यंतची वाट झाडांच्या सावलीतून आणि ओढे ओलांडत जाते. पावसाळ्यात धबधब्यांवर बंदीचे आदेश निघतात, निघण्याआधी बातम्या बघा. हे जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या बिबट्यांची उत्तरेकडची वाट आहे, त्यामुळे अंधार पडण्याआधी बाहेर या.

मुलांसाठी बाग किंवा वॉटरपार्क आहे का?

पारोळच्या बाजूला वॉटरपार्क आहे, रिसॉर्टही भरपूर आहेत. मोठी सार्वजनिक बाग वज्रेश्वरीत शोधू नका. माझ्या मुलाला इथे सर्वात आवडलेली गोष्ट म्हणजे खाचरातली खेकड्यांची बिळं.

कोणत्या महिन्यात यावं?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी कुंडांसाठी आणि ट्रेकसाठी. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस, पांगारा आणि काटेसावर फुलतात, तेव्हा पानगळ झालेलं जंगलही लालकेशरी होतं आणि पक्षी सहज दिसतात. एप्रिल-मेमध्ये दुपारी फिरू नका, ऊन सोसवत नाही. चैत्र अमावस्येला देवीची मोठी यात्रा भरते. पालखी पाहायची असेल तर जरूर या, शांतता हवी असेल तर ते दोन-तीन दिवस टाळा. पावसाळा डोळ्यांसाठी उत्तम, पण नदी आणि धबधबे लांबून बघायचे. शनिवार-रविवारपेक्षा मंगळवार-बुधवार केव्हाही बरा.

खायला काय मिळेल?

मिसळ, वडापाव, थाळी सगळीकडे आहे. पण रस्त्याच्या कडेला टोपली घेऊन बसलेल्या वारली, कातकरी, मल्हार कोळी बायकांकडून काही घेतल्याशिवाय परतू नका. उन्हाळ्यात करवंदं, जांभळं, ताडगोळे. पहिल्या पावसाच्या आगेमागे शेवळं ही रानभाजी, तिच्याबरोबर काकडं ही आंबट फळं मागून घ्या, नाहीतर भाजी घशाला खाजते. मग टाकळा, कंटोळी, कुलूची भाजी. कशी करायची ते त्यांनाच विचारा, त्या आनंदाने सांगतात. आणि घासाघीस नको. ती टोपली भरायला त्या पहाटेपासून रानात हिंडलेल्या असतात. वाडा कोलम तांदूळही इकडचाच, घरी न्यायला उत्तम.

एका दिवसात काय काय होईल?

सकाळी सातपर्यंत अकलोलीला पोहोचा. कुंड, मग नदीकाठाने फेरफटका. नऊला देवीचं दर्शन आणि मागची टेकडी. दुपारी गणेशपुरीत जेवण आणि विसावा. परतताना तुंगारेश्वर, पण चारच्या आत तिथे पोहोचत असाल तरच. तानसा अभयारण्य आणि माहुली यांना स्वतंत्र दिवस द्या.

बरोबर काय आणावं?

सुती पंचा, बदलायचे कपडे, घसरणार नाहीत अशा चपला, पाण्याची बाटली, रोख सुटे पैसे आणि एक रिकामी पिशवी. कचरा त्या पिशवीत भरून घरी न्या. दारूच्या बाटल्या आणि स्पीकर आणू नका. फुटलेल्या काचेवर सर्वात आधी पाय पडतो तो अनवाणी नदीवर येणाऱ्या गावातल्या मुलांचा.